आपल्या शिवारातले धान्य आणि पुडीतले खाणे



वसंत व्याख्यानमाला म्हटली की इतिहास, काव्य, राजकारण, झालेच तर अध्यात्म, असे विषय डोळ्यांसमोर येतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा पाडली, तेव्हापासून मोठमोठ्या विषयांनी हे व्यासपीठ गाजले आहे. आज आम्ही मात्र पिठाच्या डब्याविषयी बोलणार आहो. विषय लहान वाटेल. पण जो विषय दिवसातून तीन वेळा आपल्या ताटात येतो त्याला लहान कसे म्हणावे? आपल्याच शिवारात पिकणाऱ्या धान्यापासून टिकाऊ, तयार आणि अंगी लागणारे पदार्थ करता येतील काय, आणि येत असतील तर ते अजून सर्रास का होत नाहीत, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न गडमुडशिंगीत विचारण्याला एक खास कारण आहे. जिल्हा दूध संघाचा, म्हणजे गोकुळचा, महालक्ष्मी पशुखाद्याचा कारखाना आपल्या याच गावी आहे. पशुखाद्य म्हणजे काय? तेल काढून उरलेली पेंड, धान्याचा कोंडा, डाळींची चुनी, मका, मळी, मीठ आणि खनिजे यांचे ठरावीक प्रमाणातले मिश्रण. यातला एकही जिन्नस एकटा पुरेसा नसतो. पेंडीत प्रथिने असतात पण ताकद कमी, मक्यात ताकद असते पण प्रथिने कमी. एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढायचे, हे त्या धंद्याचे सारे शास्त्र. आणि पोत्यावर छापलेले असते : प्रथिने इतके टक्के, स्निग्ध इतके टक्के, तंतू इतके टक्के. म्हैस विकत घेणारा माणूस तो आकडा वाचतो, आणि पुढच्या आठवड्यात चरवी भरते की नाही हे पाहून पोते पुन्हा घ्यायचे की नाही ते ठरवतो. तोच माणूस संध्याकाळी पोरासाठी किराणा दुकानातून पाच रुपयांची पुडी घेतो, तेव्हा तिच्या पाठीवर काय छापले आहे याकडे ढुंकूनही पाहत नाही. गोठ्यात शास्त्र शिरले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडले, असे म्हटले तर कोणी रागावू नये.

अडल्याचे परिणाम दिसतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली, ३६.१ टक्के वजनाने कमी भरली. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत ५४.२ टक्के स्त्रियांचे रक्त कमी होते. हा आकडा साऱ्या राज्याचा आहे, आपल्या जिल्ह्याचा नव्हे. आपला जिल्हा सुखवस्तू आहे, असे कोणी म्हणेल. परंतु सुखवस्तूपणाचे दुखणे वेगळे असते. २०२३ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात देशात सुमारे दहा कोटी लोक मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे एका घरात नातवाचे वजन वाढत नाही आणि आजोबांची साखर उतरत नाही, अशी स्थिती. दोघांच्याही ताटात बहुधा तेच असते : पॉलिशचा तांदूळ, मैदा आणि साखर.

आपल्या मुलखात पिकते काय? ऊस, हे उत्तर शाळेतले पोरही देईल. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथे एकवटला; १९०७ साली राधानगरीच्या धरणाची योजना हाती घेतली आणि पंचगंगेच्या खोऱ्याला पाण्याची आशा लागली. पुढे साखर कारखाने आले. उसाने या जिल्ह्याला शाळा दिल्या, रस्ते दिले, माड्या दिल्या. त्याची निंदा करणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण उसाच्या सावलीत बाकीची पिके दिसेनाशी झाली हेही खरे. पश्चिमेकडे शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी भागात नाचणी आहे. पूर्वेकडे शाळू आणि हरभरा. भुईमूग आणि सोयाबीन जिल्हाभर. हुलगा बांधाच्या कडेला उरलासुरला. यांतल्या प्रत्येकाला आपण पीक म्हणतो. खाद्यपदार्थाचा कच्चा माल म्हणून फारसे कोणी पाहत नाही.

सर्वांत जास्त उपेक्षा नाचणीची झाली. नाचणी म्हणजे डोंगरातल्या माणसांचे धान्य, काळी भाकरी, पाहुण्यापुढे ठेवायची नाही असे अन्न. आता शहरात तिला मान आला आहे. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले आणि आपल्या सरकारने त्यांना 'श्रीअन्न' असे नाव दिले. नाव देऊन धान्याचे गुण वाढत नाहीत, पण ते मुळातच होते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात दहाच्या आसपास, आणि तेवढ्याच वजनाच्या गाईच्या दुधात एकशेवीसच्या आसपास. तृणधान्यांत या बाबतीत नाचणीच्या जवळपास येणारे कोणी नाही. प्रथिने मात्र सातच टक्के, म्हणजे गव्हाहून कमी, हेही सांगितले पाहिजे. गुणगान करताना अर्धे झाकून ठेवणे हे दुकानदाराचे काम, व्याख्यात्याचे नव्हे. कोल्हापुरातच शेंडा पार्कच्या कृषी संशोधन केंद्रात नाचणीवर वर्षानुवर्षे काम चालू आहे. 'फुले नाचणी' आणि 'फुले कासारी' ही वाणे तिथलीच. बियाणे दाराशी आहे. अडचण बियाण्याची नाही, त्याच्या पुढची आहे.

आता भगिनींनी जरा लक्ष द्यावे, कारण हा मुद्दा त्यांच्या हातचा आहे. लहान मुलाला 'नाचणीचे सत्त्व' देण्याची आपल्याकडे चाल आहे. पण सत्त्व या एका नावाखाली दोन निरनिराळ्या वस्तू वावरतात. एक जुनी : नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेला पांढरा गाळ वाळवायचा आणि फडक्यात उरलेला चोथा म्हशीच्या घमेल्यात टाकायचा. दुसरी : नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून, सगळीच्या सगळी दळायची. पहिलीत जो पांढरा गाळ हाती येतो तो मुख्यतः पिष्ट असतो. नाचणीचे कॅल्शियम बहुतांशी तिच्या तांबड्या टरफलात असते, तंतूही तिथेच. म्हणजे ज्याला आपण सत्त्व म्हणतो त्यातून सत्त्व गेलेले असते, आणि ज्याला चोथा म्हणतो त्यात ते राहते. म्हशीचे भाग्य इथेही थोर! गाळलेले सत्त्व पचायला हलके असते, आजाऱ्याला चार दिवस द्यायला हरकत नाही. पण वाढत्या मुलाचे ते अन्न नव्हे.

मोडाच्या पिठाची गोष्ट निराळी. दाण्याला मोड फुटू लागला की त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते, आणि ते पिष्टाचे तुकडे करू लागते. याचा उपयोग काय? मुलाचे पोट लहान असते. साध्या पिठाची दाट पेज त्याला गिळवत नाही. म्हणून आई पाणी घालून ती पातळ करते, आणि पातळ केली की वाटीभर पेजेत पीठ उरते दोन चमचे. पोट भरते, अंगी काही लागत नाही. मोडाच्या पिठाची पेज मात्र पीठ जास्त घातले तरी सैलच राहते, कारण विकराने पिष्टाचा चिकटपणा मोडलेला असतो. तेवढ्याच वाटीत जास्त अन्न मावते. १९८०च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर काम केले : दाट पेजेत मोडाच्या पिठाचा एक छोटा चमचा घातला की ती सैल होते, एवढी सोपी युक्ती. शिवाय मोड आल्याने फायटेट नावाचा घटक कमी होतो. लोह आणि कॅल्शियम अडवून धरणारा तो घटक; तो कमी झाला की शरीराला ही खनिजे जास्त मिळतात.

कृती सर्वांना ठाऊक आहे, पण दोन जागी चुकते. नाचणी रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यात एक-दोन दिवस बांधून ठेवावी, बारीक मोड दिसले की लगेच पसरून कडकडीत वाळवावी. मोड लांब वाढू दिले, फडके आंबूस वास मारू लागले, की बुरशीला आमंत्रण गेलेच म्हणून समजावे. दुसरी जागा भाजण्याची. खमंग वास सुटेपर्यंत, तांबूस होईपर्यंत भाजण्याचा आपल्याला मोह होतो. पण फार भाजले की ते विकर मरते आणि सारी खटपट वाया जाते. मंद आचेवर, ओल जाण्यापुरते भाजावे. पेज करतानाही थंड पाण्यात पीठ कालवून हळूहळू तापवावी, म्हणजे विकराला काम करायला वेळ मिळतो. शेवटी मात्र एक चांगली उकळी काढावी, कारण मोड आणलेल्या धान्यात जंतूही वाढलेले असतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यातले काही देऊ नये, त्याला आईचे दूध पुरे. आणि मधुमेही आजोबांनी नातवाच्या वाटीत वाटेकरी होऊ नये. पिष्ट आधीच मोडलेले असल्याने ही पेज रक्तातली साखर झटकन चढवते. आजोबांना नाचणीची भाकरी, आमटीबरोबर, हेच बरे.

एकट्या नाचणीने भागणार नाही हे वर आलेच. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो. डाळींत तो भरपूर असतो, पण मेथिओनिन कमी. वरणभात, झुणका-भाकर, खिचडी, मेतकूट हे सगळे पदार्थ हीच जोडी जमवतात. आपल्या आज्यांनी प्रयोगशाळा न बघता ती जमवली. मोडाची नाचणी सहा भाग, फुटाण्याची डाळ तीन भाग, भाजलेले शेंगदाणे एक भाग, असे पीठ केले तर प्रथिने सातावरून तेरा टक्क्यांच्या घरात जातात, आणि शंभर ग्रॅममागे दोनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम राहते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला पाचशे मिलिग्रॅम लागते. पन्नास ग्रॅम पीठ आणि पेलाभर दूध एवढ्यावर बरेच भागते. महाग जिन्नस यात एकही नाही, आणि सगळे आपल्या शिवारातले.

कल्पना नवी नाही. म्हैसूरला १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन हे तिचे पहिले संचालक. त्या संस्थेने पहिल्या काही वर्षांतच एक 'बहुउद्देशीय अन्न' तयार केले. तेल काढलेल्या भुईमुगाचे पीठ पंचाहत्तर भाग, हरभऱ्याचे पीठ पंचवीस भाग, वर जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम. शास्त्र बिनतोड होते. पण ते पीठ वाटपात आणि संस्थांत जेवढे खपले तेवढे घरच्या फडताळात शिरले नाही. त्याच सुमारास मध्य अमेरिकेत ग्वाटेमालाला पोषणसंस्थेच्या शास्त्रज्ञांनी मका आणि सरकीची पेंड यांचे 'इन्कापरिना' नावाचे पीठ काढले. ते मात्र लोकांच्या अंगवळणी पडले आणि अजून तिथे विकले जाते. फरक कशात? ग्वाटेमालाचे लोक मक्याची दाट, गरम, गोड पेज पिढ्यान् पिढ्या पीत आले आहेत, तिला ते 'आतोल' म्हणतात. नवे पीठ त्याच पेल्यात, त्याच चवीने गेले. आमच्या मते हा मुद्दा प्रथिनांच्या टक्क्यांइतकाच मोलाचा आहे. औषध म्हणून कोणी जन्मभर खात नाही.

मग आपले 'आतोल' कोणते? आमचे बोट आंबिलीकडे जाते. कोल्हापुरात मार्गशीर्षात रेणुकेची आंबील यात्रा भरते, तेव्हा घराघरांतून आंबील नैवेद्याला जाते. पीठ ताकात आंबवून केलेला हा पदार्थ. आंबवल्यानेही तो फायटेट कमी होतो. देवीला चालते ते शाळेच्या मधल्या सुट्टीत का चालू नये? हुलग्याचे माडगे हे दुसरे. आणि चटकदारच हवे असेल तर आपले भडंग आहे. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट : कारखान्यातल्या तळलेल्या पुडीपेक्षा ते केव्हाही सरस. त्यात चुरमुऱ्यांऐवजी नागपंचमीच्या जोंधळ्याच्या लाह्या घातल्या, जोडीला मूठभर फुटाणे टाकले, तर पोर कुरकुर न करता खाईल. लाही फुलवायला तेलाचा थेंब लागत नाही.

सोयाबीनविषयी थोडे सावधपणे बोलले पाहिजे. चाळीस टक्के प्रथिने, वीस टक्के तेल. असे धान्य दुसरे नाही. ते आपल्याकडे पिकते, गाडीत भरून तेलाच्या गिरणीत जाते, आणि त्याची पेंड कोंबड्यांना नि परदेशी जनावरांना मिळते. अलीकडे पुष्कळ घरांत दळणाच्या गव्हात मूठभर सोयाबीन टाकतात. हेतू चांगला आहे, रीत चुकते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा एक घटक असतो आणि तो ओल्या उष्णतेनेच नीट निष्प्रभ होतो. सोयाबीन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवावे, चोळून साल काढावी, वाळवावे, मग नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळावे. गव्हाची अकरा टक्के प्रथिने पिठात चौदाच्या जवळ जातात, चपाती मऊच राहते, आणि तो कच्चट वासही येत नाही. याहून जास्त घालू नये. मग घरात कुरबुर सुरू होते आणि एके दिवशी सगळेच बंद पडते.

गुळाबद्दल बोललो नाही तर कोल्हापूरकर आम्हांला सोडणार नाहीत. आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२० साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना काढली, तिच्यात एक जिल्हा एक उत्पादन या न्यायाने आपल्या वाट्याला गूळच आला. गूळ चांगला आहे. रानभेंडीच्या रसाने मळी काढलेला, तपकिरी, खमंग गूळ तर फारच चांगला. पण व्यापाऱ्याला पिवळाधमक रवा हवा असतो, म्हणून काहिलीत हायड्रॉस पडते. रंग उजळतो, आणि खाणाऱ्याच्या वाट्याला गंधक येते. जोवर आपण दुकानात पिवळ्याला तपकिरीपेक्षा जास्त भाव देतो, तोवर गुऱ्हाळवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. दुसरे असे की गूळ हीही साखरच आहे. त्यात लोह असते हे खरे, पण चमचाभर गुळातून येते ते अगदी थोडे. 'गुळाचे आहे, म्हणजे पौष्टिक आहे' या समजुतीवर आज कितीतरी लाडू, चिक्क्या नि बिस्किटे खपत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी साखरेतून यावेत असे सांगितले आहे, आणि ती आपल्या गुळालाही धरूनच बोलत आहे. शेंगदाण्याची चिक्की उत्तम. शेंगदाणे दिसतील आणि गूळ फक्त त्यांना धरून ठेवील एवढा असावा.

पुडीच्या पाठीवरचे वाचावे कसे, ते सांगतो. आपल्या देशात कायद्याप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे सर्वांत जास्त ते पहिले. समोर 'नाचणी बिस्किट' असे मोठ्या अक्षरांत आणि कणसाचे चित्र. पाठीवर पहिला शब्द मैदा, दुसरा साखर, तिसरा पाम तेल, मग कुठेतरी नाचणी. हे मैद्याचे बिस्किट आहे, नाचणीला फक्त दर्शनाला आणले आहे. असा उद्योग बाहेरच्याच मोठ्या कंपन्या करतात असेही नाही. आमच्या पाहण्यात आलेल्या काही घरगुती मालातही वनस्पती तूप आणि साखर नाचणीच्या पुढे होती. बाईंना विचारले तर म्हणाल्या, "त्याशिवाय खुसखुशीत होत नाही, आणि खुसखुशीत नसेल तर घेत नाहीत." त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच आम्हांला वाटते, बिस्किटाच्या मागे लागू नये. बिस्किट हा मैद्याचा प्रांत आहे, तिथे नाचणी हरणारच. पीठ, लाही, भाकरीचा भाजका तुकडा, आंबिलीची तयार पूड, इथे ती जिंकते. आणि लोहासाठी म्हणून काही खायचे असेल तर ते चहाबरोबर खाऊ नये. चहा लोहाला अडवतो. लिंबू पिळावे.

करायचे कोणी? गावातल्या बचत गटांनी. शिवाजी विद्यापीठात अन्नशास्त्राचा विभाग आहे, शेंडा पार्क आहे, सल्ला विचारायला दूर जायला नको. यंत्रेही फार लागत नाहीत. पण एक गिरणी वेगळी असावी, जिच्यात मिरची दळली जात नाही, आणि ओल मोजण्याचे एक साधन असावे. ओलीवर सारे अवलंबून आहे. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. शोध लागला तो असा की त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीला बुरशी लागली होती आणि तिने अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सोडले होते. ते माणसाच्या यकृतालाही घातक, आणि भाजल्याने पुरते जात नाही. म्हणून शेंगा नीट वाळलेल्या हव्यात. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे हाताने निवडून फेकून द्यावेत. फेकायचे म्हणजे म्हशीलाही घालायचे नाहीत, कारण ते विष तिच्या दुधातून पुन्हा आपल्याच घरी येते. निवडणाऱ्या बाईच्या दिवसाची मजुरी त्या पिठाच्या किमतीत धरावी लागेल. ती न धरता जो स्वस्त विकतो त्याच्याकडून घेऊ नये.

आजऱ्याचा घनसाळ, चंदगडचे काजू आणि झाडाखाली सडून जाणारी त्यांची बोंडे यांबद्दल बोलायचे राहून गेले. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. एक व्यवहाराची गोष्ट सांगून खाली बसतो. मोड आणलेली नाचणी वाळवायला ऊन लागते, आणि तसे ऊन आपल्याकडे वर्षातून थोडेच दिवस असते. जून उजाडला की ती वाळायला चार दिवस घेते आणि त्या चार दिवसांत आंबते. ज्यांना श्रावणापर्यंत पुरेल एवढे पीठ करून ठेवायचे असेल त्यांनी वळीव सुरू होण्याआधी, याच पंधरवड्यात, नाचणी भिजत घालावी. पाच किलोपेक्षा जास्त एका वेळी घेऊ नये, आणि दळून आणल्यावर पीठ पुरते थंड झाल्याशिवाय डब्याचे झाकण लावू नये.